आमच्या वाचनालयाचा आश्विन

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. घट बसले की दिवाळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत नसते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे परकर-पोलके, सगळं एकदमच येऊन पडतं. तरीही गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या आश्विनात, मी आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या जमतील तेवढ्या कार्यक्रमांना गेले. त्याबद्दल लिहायचं तेव्हापासून मनात होतं. यंदाचा आश्विन आता तोंडावर आलाय, म्हणून आजच लिहून टाकते. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी खटकल्या त्याही सांगायच्या आहेत, आणि त्या मी समितीच्या मंडळींना समोरासमोर सांगून झाल्या आहेत. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि 'ब' वर्गाचं वाचनालय, एवढं पुरे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार शासन वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं, आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. अशी वाचनालयं राज्यभर हजारोंनी आहेत. तुमच्याही तालुक्यात एक असणारच, त्यामुळे मी लिहिते त्यातलं पुष्कळसं तिथेही लागू पडेल.

सुरुवात ठरवून झालीच नव्हती. ३ ऑक्टोबरला, अगदी घटस्थापनेच्या दिवशी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून मी पुस्तक बदलायला गेले, तर वाचनकक्षातल्या लांब टेबलावर शब्दकोशांचे जाडजूड खंड उघडे मांडलेले. एरवी ते काचेच्या कपाटात कुलपात असतात. ग्रंथपाल ताईंनी नुसती एक चिठ्ठी लावली होती, "आपल्या कामातला एक शब्द शोधा." ना हार, ना नारळ, ना भाषण. आमच्या मागच्या गल्लीतला गवंडी आला होता, तो 'ओळंबा' शोधत होता. मी 'दाभण' शोधला. सापडला. आपण रोज तोंडात घोळवतो तो शब्द असा छापलेला दिसला की हात आपोआप पदराला पुसून मग पानाला लावावासा वाटतो. मी तशीच पाच मिनिटं उभी होते. शेजारी एक शाळकरी मुलगा होता, त्याने विचारलं, "काकू, दाभण म्हणजे काय?" त्याला सांगितलं की पोती शिवायची जाड सुई. तो म्हणाला, आमच्या आजीकडे आहे, पण ती तिला दाभणच म्हणते हे मला माहीत नव्हतं. हा कार्यक्रम दोन दिवस चालला. खर्च शून्य असणार. मला विचाराल तर पूर्ण महिन्यातल्या चांगल्या तीन गोष्टींत मी हा धरते.

नवरात्रात महिला विभागातर्फे आरोग्यावर व्याख्यान झालं. डॉक्टर बाई चांगल्या बोलल्या, पण वेळ दुपारी तीनची. त्या वेळेला सोयाबीन काढणीला गेलेल्या बायका कशा येणार? समोर बसलेल्या आम्ही जेमतेम पंधराजणी होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, भिलारची सहल निघाली. भिलार म्हणजे पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालेलं. तिथे ग्रंथालयाची वेगळी मोठी इमारत शोधू नका. गावकऱ्यांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत, एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी बालसाहित्य. आत जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे लागत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा स्ट्रॉबेरीची रोपं नुकतीच लागली होती, वाफ्यांवर प्लास्टिक अंथरलेलं होतं. मी एका ओसरीवर दीड तास वाचत बसले. घरातल्या आजी शेजारीच शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की कुठून आलात, काय करता. फक्त पाण्याचा तांब्या आणून ठेवला. असं वाचायला मिळणं मला माझ्या घरीही होत नाही. सहलीचे माणशी २०० रुपये घेतले होते, त्यात जाणं-येणं आणि पिठलं-भाकरी. पैसे पुरेपूर वसूल.

आता १५ ऑक्टोबर. हा दिवस नीट सांगायला हवा.

डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे दरवर्षी त्याची ठरलेली पद्धत. व्यासपीठावर चार खुर्च्या, पांढरा कपडा घातलेलं टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. दीड तास जातो, आणि त्या दीड तासात कुणीही एक ओळ वाचत नाही. मी पाच-सहा वर्षं जातेय, दर वर्षी हेच पाहिलंय.

२०२४ ला मंगळवार होता. कार्यक्रम पाचचा. पाहुणे म्हणून एका लोकप्रतिनिधींना बोलावलं होतं. आणि त्याच दुपारी विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली, आचारसंहिता लागली. साडेचारला फोन आला की साहेब येणार नाहीत. मी सव्वापाचला पोचले तेव्हा कार्यवाह फोन कानाला लावून आवारात फेऱ्या मारत होते, दुसरे पाहुणे शोधत होते. आत शाळेची पस्तीस-चाळीस मुलं सतरंजीवर ताटकळत बसलेली. साडेपाच वाजले. मुलं चुळबुळ करायला लागली. शेवटी ग्रंथपाल ताई उठल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे नसले तर नसू देत, पुस्तकं आहेत ना? वाचू या."

त्यांनी व्यासपीठावरची खुर्ची स्वतः उचलून खाली आणली. मग सगळ्याच खुर्च्या खाली आल्या आणि गोल झाला. कलामांची तसबीर तेवढी टेबलावर राहिली. ज्याला जे वाचायचं त्याने उठून कपाटातून आणावं आणि दोन मिनिटं मोठ्याने वाचावं, एवढाच नियम. पहिली दहा मिनिटं कुणी उठेना. मग आठवीतली एक मुलगी उठली, तिने शेतकऱ्यांच्या मासिकातला गांडूळखतावरचा लेख वाचला, कारण घरी खड्डा केला होता आणि गांडुळं मरत होती. निवृत्त गुरुजींनी ओव्या वाचल्या. एका मुलाने क्रिकेटची बातमी वाचली, त्यालाही टाळ्या मिळाल्या.

आणि मग आमचे शिपाई दादा. बावीस वर्षं ते तिथे आहेत. पुस्तक आणून देणं, नोंद करणं, झाडलोट, कुलूप, सगळं त्यांच्याकडे. पहाटे ते सायकलवर वर्तमानपत्रंही टाकतात, कारण अनुदान हप्त्यांनी येतं आणि त्या पगारात घर चालत नाही. त्यांना पुस्तक वाचताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कलामांच्या लहानपणाचं एक पान काढलं. युद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकायचे, आणि लहान कलाम ते झेलून आपल्या भावाला वाटायला मदत करायचे, असा तो भाग. दादा एकेका शब्दावर बोट ठेवत सावकाश वाचत होते. गठ्ठे टाकण्याच्या वाक्यावर ते थांबले. वर बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडं यष्टीतनं टाकत्यात. पावसाळ्यात चिखलात पडला की वरचे चार पेपर वाया." आणि पुन्हा खाली बघून पुढचं वाक्य वाचायला लागले.

सभागृहात चिडीचूप होतं. माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. कार्यक्रम सातला संपायचा, तो पावणेआठला संपला, आणि मुलांना घरी जा म्हणून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाल विभागात सोळा नवी नावं दाखल झाली, हे मला ताईंनीच सांगितलं. माझं समितीला मनापासून सांगणं आहे, पाहुणे येणार असले तरी खुर्च्या खालीच ठेवा. पाहुण्यांनाही एक पान वाचायला लावा. येणारा माणूस मोठा असेल तर तो आनंदाने वाचेल.

कोजागरी लगेच दुसऱ्या दिवशी होती. गच्चीवर कविसंमेलन आणि मसाला दूध. ढग होते, चंद्र अधूनमधून. चौदा कवी होते, प्रत्येकाने दोनच्या ऐवजी चार कविता म्हटल्या, आणि दूध सगळ्या कविता झाल्यावर ठेवलेलं. लेकरं घेऊन आलेल्या बायका साडेनऊला दूध न पिताच परतल्या. आधी दूध द्या, मग कविता ऐकवा, माणसं थांबतील. एका दहावीच्या मुलीने आईच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांवर कविता म्हटली, ती मात्र अजून कानात आहे.

निबंध स्पर्धेबद्दल फार लिहीत नाही. निबंध घरून लिहून आणायचे असतात, ते कोण लिहितं हे आपण सगळे आई-बाप जाणतो. तासभर वाचनालयात बसवून लिहून घ्यावेत.

माझ्या मनातला खरा कार्यक्रम पुढचा, आणि तो पत्रिकेत छापलेलाही नव्हता.

दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली ही परंपरा आहे. आता एक चांगला अंक घ्यायचा तर ३००-४०० रुपये लागतात. माझ्यासारखीने किती घ्यायचे? वाचनालयाची दिवाळी अंक योजना त्यासाठीच असते. आमच्याकडे गेल्या वर्षी ५०० रुपये अनामत आणि ३०० रुपये वर्गणी होती, त्यात ऐंशीच्या वर अंक, फेब्रुवारीअखेरपर्यंत वाचा. एका वेळी एक अंक, चार दिवसांत परत. म्हणजे एका अंकाच्या किमतीत पन्नास अंकही वाचून होतात, वाचणारा दमला नाही तर.

अडचण अशी की हे जाड अंक नुसते डिंकाने चिकटवलेले असतात. आठ-दहा घरं फिरले की मधली पानं सुटतात, मग कथेचा शेवट शेजारच्या गल्लीत राहतो. म्हणून अंक आले की ते आधी शिवावे लागतात. दरवर्षी दादा एकटे रात्री बसून शिवायचे. गेल्या वर्षी ताईंनी फळ्यावर लिहिलं, "रविवारी सकाळी अंक शिवायला या." २० आणि २७ ऑक्टोबर असे दोन रविवार. मी माझी कात्री, मेण आणि जाड दोऱ्याचं रीळ घेऊन गेले.

पहिल्या रविवारी अकरा माणसं होती. एक सेवानिवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजच्या मुली, गवंडीदादा, गुरुजी, औषधाच्या दुकानातला मुलगा, त्याची आई, असे. वाटणी झाली. एकजण शिक्का मारणार, पहिल्या पानावर आणि ठरलेल्या एका आतल्या पानावर. एकजण पाठीमागे परतीच्या तारखेचा कागद चिकटवणार. गुरुजींनी खळ केली होती, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. आणि चौघं शिवायला.

दादांची पद्धत मी पाहिली. कण्यापासून बोटभर आत दाभणाने पाच भोकं पाडायची, दाभणाच्या डोक्यावर लाकडी ठोकळ्याने हळू ठोकायचं, आणि मग धावदोरा घालत जायचं, वर-खाली, वर-खाली. मी म्हटलं, "दादा, इथंच घोटाळा आहे. धावदोरा एका जागी तुटला की सगळा ढिला पडतो. बखिया घाला." म्हणजे दोरा एक भोक पुढे काढायचा आणि परत मागच्या भोकात न्यायचा, मग दोन भोकं पुढे, पुन्हा एक मागे. दोरा थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक टाका आपल्यापुरता उभा राहतो. एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. दोऱ्याला आधी मेण ओढून घेतलं की तो कागदाला कापत नाही आणि ओलाव्याने कुजत नाही. गाठ कण्याच्या बाजूला न घेता मागच्या पानाच्या आतल्या अंगाला घ्यायची, म्हणजे अंक एकावर एक नीट बसतात. वर कण्यावर खाकी कागदाची पट्टी, तिच्यावर क्रमांक.

दोन अंक शिवून दाखवल्यावर कॉलेजच्या मुलींनी लगेच उचललं. त्यांतली एक मध्येच थांबून वाचत बसायची. कुणी तिला रागावलं नाही, कारण सगळेच तसं करत होते. पोस्टमनकाका शिक्का मारता मारता व्यंगचित्रं मोठ्याने सांगायचे. औषधवाल्याच्या आईने कांदेपोहे आणले होते, पण खाताना अंकांपासून लांब बसायचं असा तिचाच हुकूम होता. 'किशोर'चा अंक आला तेव्हा गुरुजींनी तो नाकाला लावला. १९७१ सालापासून 'बालभारती' हे मासिक काढते आहे, आणि पहिल्या वर्षांपासून आपण ते वर्गात वाचून दाखवलं, असं ते म्हणाले. साडेबाराला घरी जायचं ठरवलं होतं, दोन कधी वाजले कळलं नाही. दुकानात सात ब्लाउज माझी वाट बघत होते. ते मी रात्री जागून पुरे केले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

त्या दोन रविवारी जितक्या माणसांची नावं मला कळली तितकी दहा वर्षं पुस्तक बदलताना कळली नव्हती. आता पोस्टमनकाका दुकानावरून जाताना हमखास विचारतात, "ताई, तो अमुक अंक वाचला का, तिसरी कथा?"

आता खटकलेल्या गोष्टी. नवे कोरे अंक आधी समितीच्या काही सदस्यांच्या घरी जातात आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी योजनेतल्या लोकांना मिळतात, हे बरोबर नाही. वर्गणी सगळ्यांनी भरलेली असते. मी हे कार्यवाहांना बोलले, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि काउंटरवर नंबराची वही ठेवली. आता ज्याचा नंबर आधी त्याला अंक आधी, मग तो कुणी का असेना. ही वही यंदाही राहिली पाहिजे, म्हणून इथे लिहिते. दुसरं, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे पण त्याला बाहेरून कुलूप, किल्ली कार्यालयात. दोन तासांच्या कार्यक्रमाला आलेल्या बाईने किल्ली मागत फिरायचं का? तिसरं, सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्या आज्या खालच्या वृत्तपत्रकक्षातच बसून राहतात आणि वरच्या टाळ्या ऐकतात. निदान वाचन प्रेरणा दिन खालच्या कक्षात घ्या. आणि दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असतं, ते बाजाराच्या दिवशी, सोमवारी, तरी उघडं ठेवा. खेड्यावरून आलेली माणसं नेमकी त्याच वेळात मोकळी असतात.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांच्यासाठी. वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथे बसून वाचायला कुणालाही पैसे पडत नाहीत, सभासद असायची गरज नाही. कार्यक्रमही सगळ्यांना खुले असतात, दारात कुणी विचारत नाही, त्यामुळे बिचकू नका. दिवाळी अंक योजनेत नाव घालायचं तर आधीच जाऊन घाला, शेवटच्या आठवड्यात गर्दी उसळते. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच आहे, म्हणजे अंकही लवकर येतील आणि शिवायचे रविवार बहुतेक वाचन प्रेरणा दिनाच्या आधी-मागेच पडतील. फळ्यावर लक्ष ठेवा. शिवता येत नसेल तरी चालतं, शिक्का मारायला आणि खळ लावायलाही माणूस लागतो.

फेब्रुवारीच्या शेवटी अंक परत जमा करायला गेले तेव्हा दादांनी एक अंक माझ्यापुढे ठेवला. परतीच्या कागदावर एकोणीस तारखा होत्या. मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, कुठल्याशा पानावर हळदीचं बोट, एका कथेच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने बारीक "छान" लिहिलेलं. त्यांनी अंक मधोमध उघडून दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "ताई, टाका हलला न्हाई."

या वर्षी दाभणं मी स्वतः आणणार आहे. दोनच होती, चौघांना पुरत नव्हती.